गोव्यात समुद्राकाठी घर भाड्याने घेताय? फोटो नंतर, पंचांग आधी

दिवाळी उरकली की दरवर्षी माझा फोन सुरू होतो. मी मूळची कोल्हापूरची, लग्न होऊन म्हापशाला आले त्याला आता चौदा वर्षं झाली, आणि माहेरच्या एकूण एक माणसाला वाटतं की ही गोव्यात राहते म्हणजे समुद्र हिच्या परसात. चुलतभाऊ, आत्येबहीण, भावाच्या ऑफिसातला कोणीतरी, सगळ्यांचं एकच, अगं समुद्राला चिकटून एखादं घर बघ ना, हॉटेल नको, स्वयंपाकघर पाहिजे, मुलांना उठल्या उठल्या पाण्यात जाता आलं पाहिजे. इथनं समुद्र आठ-दहा किलोमीटर लांब आहे हे सांगून मी थकले. पण या लोकांसाठी घरं शोधून, बघून, दोनदा फसून आणि एकदा रात्री अकराला सहा माणसांना आमच्याच हॉलमध्ये झोपवून जे काय शिकले ते एकदाच लिहून काढते, म्हणजे पुढच्या वेळी फोन आला की हेच पाठवून देईन.

आधी किनारा ठरवा, घर नंतर

सगळे उलटं करतात. ॲप उघडतात, स्विमिंग पूलवाला फोटो आवडतो, पैसे भरतात आणि मग विचारतात की हे आश्वे कुठं आलं गं. गोव्याचा किनारा साधारण शंभर किलोमीटरचा आहे आणि एका टोकाचा समुद्र दुसऱ्या टोकासारखा अजिबात नाही.

वरून सुरू करू. पेडणे तालुक्यात केरी, हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी. इथं वाळू भरपूर आणि बागा-कळंगुटच्या मानाने शांत, हरमलला जरा हिप्पी वळणाची गर्दी असते. मांद्र्याला एक गंमत आहे, घरं आणि किनारा यांच्यामध्ये ओहोळ लागतो आणि त्यावर बांबूचे साकव टाकलेले असतात, म्हणजे फोटोत समुद्र समोर दिसतो पण गुडघेदुखीवाल्या आईला तो साकव झेपेल का हे तुम्ही बघायचं. मोरजीच्या दक्षिण टोकाला शापोरा नदी समुद्राला मिळते, तिथं पाण्यात उतरायचंच नाही, का ते पुढे सांगते. बारदेशात खाली आलं की वागातोर आणि हणजूण, इथं तांबड्या दगडाचे कडे आणि खडक, सूर्यास्त एक नंबर पण लहान मुलांना पाण्यात खेळायला जागा कमी. मग बागा, कळंगुट, कांदोळी. वाळूचा लांब पट्टा, सगळं हाताशी आणि गर्दी म्हणाल तर कोल्हापुरात दसऱ्याला असते तशी. ज्यांना रात्री बाहेर पडायचंय त्यांनी इथं राहावं, ज्यांना झोपायचंय त्यांनी नाही.

दक्षिणेत सासष्टीचा किनारा म्हणजे वेळसांवपासून मोबोरपर्यंत वीसेक किलोमीटरच्या वर एकसलग पांढरी वाळू. उतोर्डा, माजोर्डा, बेताळभाटी, कोलवा, बाणावली, वार्का, केळशी ही सगळी गावं एकाच पट्ट्यावर. कोलवा सोडलं तर घरगुती मुक्कामासाठी मला हा पट्टा सगळ्यात आवडतो, माडांच्या मागे खरी घरं आहेत, माणसं राहतात. आणि अगदी खाली काणकोण, तिथं आगोंद, पाळोळे, पाटणे, गालजीबाग. पाळोळ्याचा किनारा अर्धगोल आहे, दोन्ही बाजूंनी आडोसा असल्यामुळं लाटा मंद, म्हणून लहान पोरं असलेल्यांना मी डोळे झाकून तिकडं पाठवते. आगोंद दिसायला जास्त देखणं पण तिथल्या पाण्याला ओढ आहे.

एवढं वाचून एकच तालुका ठरवा. चार दिवसांत दोन दिवस वागातोर आणि दोन दिवस पाळोळे असलं काही करू नका, सामान बांधण्यात एक अख्खा दिवस जातो.

"समुद्राला लागून" म्हणजे किती

हा भाग नीट वाचा, फसवणूक इथंच होते.

किनाऱ्यावर काय बांधायचं याचे केंद्र सरकारचे नियम १९९१ पासून आहेत, सीआरझेड म्हणतात ते. गोव्यातल्या बहुतेक किनारी गावांत कमाल भरतीच्या रेषेपासून २०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आहे. आता याचा तुमच्या सुट्टीशी काय संबंध? संबंध असा की खरोखर वाळूला लागून असलेली जागा म्हटली तर ती बहुतेक एक तर त्याआधीपासूनचं जुनं घर किंवा हॉटेल असणार, नाहीतर पावसाळा संपल्यावर लाकूड-बांबूच्या उभ्या करतात आणि पावसाआधी काढून टाकतात त्या झोपड्या असणार, पाळोळ्याला आहेत तशा. त्यामुळं कोणी तुम्हाला "अगदी बीचवर, गेल्या वर्षीच बांधलेला काँक्रीटचा व्हिला" विकायला लागला तर दोनच शक्यता, एक तर तो बीचवर नाही किंवा त्याचे कागद बरोबर नाहीत. गोव्यात अशी बांधकामं कोर्टाच्या आदेशाने सील होतात, पाडतात सुद्धा, आणि ते तुमच्या मुक्कामातच झालं तर ॲडव्हान्स कोणाकडे मागणार?

माझ्या चुलतभावाचं सांगते. जाहिरातीत लिहिलेलं, समुद्र दोन मिनिटांवर. गच्चीवर पाण्याच्या टाकीवर चढून काढलेला फोटो होता, त्यात समुद्र दिसत होता हे खरं, पण मध्ये सगळं खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्याचं बांध घातलेलं शेत. बांधावरून फिरून गेलं की सव्वा किलोमीटर. दोन मिनिटं बगळ्याला लागत असतील.

म्हणून करायचं काय तर मालकाकडून नकाशावरचं नेमकं ठिकाण मागा आणि सॅटेलाईट दृश्यात स्वतः बघा. घरापासून वाळूपर्यंत पायवाट दिसते का, मध्ये ओहोळ आहे का, कोणाच्या कुंपणातून जावं लागतं का. बरेचदा वाट दुसऱ्याच्या भाटातून म्हणजे माडांच्या बागेतून असते आणि भाटकाराने गेट लावलं की संपलं. मग मालकाला सांगा, घराच्या दारातून निघून पाण्यापर्यंत चालत जा आणि न थांबता व्हिडिओ काढून पाठव. जो खरा आहे तो पाठवतो. जो उद्या पाठवतो म्हणतो त्याचा उद्या येत नाही.

आणि माझं स्पष्ट मत, पहिल्या रांगेचा हट्ट सोडा. दोनशे-तीनशे मीटर मागे, माडांच्या आत, स्वच्छ पायवाट असलेलं घर कधीही चांगलं. अगदी समोरच्या घरात खाऱ्या हवेने एसी खोकतो, दारं फुगतात, कपडे वाळत नाहीत, शेजारच्या शॅकचं, म्हणजे वाळूवरच्या झोपडीवजा हॉटेल-बारचं, गाणं खोलीत येतं आणि भाडं वर दुप्पट.

तारीख धरताना तिथी बघा

हे कोणी सांगत नाही म्हणून जरा सावकाश सांगते. माझे सासरे पंचांग बघून समुद्रावर जायचे की नाही ते ठरवायचे, मला आधी हसू यायचं.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर जुन्या लोकांचा हिशेब आहे, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे दुपारी साडेचार आणि पहाटे साडेचारच्या सुमाराला भरती, आणि त्याच्या सहा तास आधी-नंतर ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासूनच. पौर्णिमा-अमावास्या पंधरावी धरली की सव्वाअकरा येतात, म्हणजे त्या दिवसांत संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचला ओहोटी, वाळूचा पट्टा लांबलचक उघडा आणि समोर सूर्य बुडतोय. चालायला यापेक्षा चांगली वेळ नाही. अष्टमीच्या आसपास उलटं, भरती सकाळी-संध्याकाळी सहाच्या दरम्यान, म्हणजे तुम्ही चहा पिऊन निघाल तेव्हा वाळू अरुंद झालेली. मात्र अष्टमीला भांगाची भरती असते, पाणी फार चढत-उतरत नाही, पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची, तेव्हा जास्त वर येतं आणि जास्त मागं जातं. ज्या किनाऱ्यांना मुळातच वाळू कमी तिथं उधाणाच्या भरतीत बसायला जागा उरत नाही.

तर कॅलेंडर उघडा, तिथी बघा आणि मग रजा टाका. मिनिटाची वेळ हवी असेल तर मुरगाव बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता मोबाईलवर मिळतो, तो घ्या.

महिन्यांचं पटकन. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम. नाताळ-नवीन वर्षाच्या आसपासचे पंधरा दिवस भाडी अव्वाच्या सव्वा आणि रस्ते जाम, माझं ऐकाल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा धरा. मार्च ते मे घाम निघतो पण हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, आणि मानकुराद आंबा त्याच दिवसांत, ज्यांना कळतं ते मुद्दाम तेव्हा येतात. जून ते सप्टेंबर घर स्वस्त, हिरवंगार, बाल्कनीत बसून पाऊस बघायला मस्त, पण समुद्रात पाय घालायचा नाही, शॅक बंद, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारीला बंदी म्हणून ताजा मासा महाग. पावसाळ्यात येणाऱ्यांनी छताची गळती, भिंतीची ओल आणि गाद्यांचा वास याबद्दल आधी विचारून घ्यावं.

मालकाला फोन लावा, नुसतं चॅट नको

ॲपवरून बुक करत असलात तरी आधी बोलून घ्या. मी जे विचारते ते असं. घर पर्यटन खात्याकडे नोंदलेलं आहे का? गोव्यात १९८२ च्या कायद्यानुसार पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या खोल्या नोंदवाव्या लागतात, प्रमाणपत्राचा फोटो मागितला तर खरा मालक बिचकत नाही. पाणी कुठलं, नळाचं की विहिरीचं की टँकरचं, आणि मचूळ आहे का, कारण किनाऱ्याजवळच्या काही विहिरी मार्चनंतर मचूळ होतात आणि मग डोक्याचे केस झाडूसारखे. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर काय काय चालतं (एसी बहुतेक नाही चालत). वीज भाड्यात धरलीये की युनिटप्रमाणे वेगळी. सिलिंडर भरलेला आहे का. केअरटेकर तिथंच राहतो की फोनवर. गाडी कुठं लावायची, आणि माडाखाली लावायची असेल तर नारळ काढलेले आहेत का, हे हसण्यावारी नेऊ नका, बोनेटवर पडलेला एक नारळ मी पाहिलाय. शेजारी क्लब किंवा लग्नाचा हॉल आहे का. उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर बंद करायचा नियम आहे, पण नियम आणि कान यांच्यात कधी कधी अंतर असतं.

तुमच्याबरोबर परदेशी पासपोर्टवालं कोणी असेल, अमेरिकेतली वहिनी वगैरे, तर मालकाला आधीच सांगा. त्याला परदेशी पाहुण्याची सरकारी नोंद चोवीस तासांत करावी लागते आणि रात्री दहाला व्हिसाचा फोटो शोधत बसायची वेळ येते.

पैसे देताना नेहमीपेक्षा स्वस्त आणि लगेच अख्खी रक्कम भरा असं एकत्र आलं की थांबा. खोट्या व्हिलांच्या नावाने लोकांना गंडवण्याचे प्रकार इथं दर सीझनला होतात, फोटो भलत्याच घराचे, पत्ता खरा, माणूस गायब. फोटो गुगलवर टाकून शोधून बघा, दुसऱ्याच नावाने कुठं लागलाय का कळतं. ॲपच्या बाहेर पैसे दिले तर थोडे वाचतात हे खरं, पण मग भांडायला कोणी उरत नाही. ओळखीशिवाय मी पंचवीस टक्क्यांच्या वर ॲडव्हान्स देत नाही. डिपॉझिट किती, कधी परत, कशाचे पैसे कापणार, हे मेसेजमध्ये लिहून घ्या. ज्या दोन वेळा फसले म्हटलं त्यातली एक हीच, आधीच तडकलेल्या टीपॉयच्या काचेचे पैसे आमच्या डिपॉझिटमधून गेले आणि माझ्याकडे फोटो नव्हता.

यायचं कसं

रेल्वेने येणाऱ्यांनी स्टेशन किनाऱ्याप्रमाणे निवडावं, सगळे उगाच मडगावचं तिकीट काढतात. हरमल-मांद्र्याला पेडणे, बारदेशाला थिवी, सासष्टीला मडगाव, पाळोळ्याला काणकोण. सगळ्या गाड्या सगळीकडे थांबत नाहीत एवढं बघून घ्या, आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं.

विमानाचं तर जास्तच. आता दोन विमानतळ, दक्षिणेला जवळ दाभोळी आणि उत्तरेला पेडण्यातला मोपा, जिथून जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. मोप्याला उतरून पाळोळ्याला जाणं म्हणजे अख्खा गोवा उभा कापणं, अडीच-तीन तास आणि टॅक्सीचं बिल बघून विमान स्वस्त पडलं हा आनंद जातो. ओला-उबर इथं नाहीत. गोवा माईल्स नावाचं ॲप आहे, विमानतळावर प्रीपेड काउंटर आहे, नाहीतर केअरटेकरलाच गावातली टॅक्सी सांगा.

गाडी घेऊन येणारे आपले लोक, कोल्हापूर-पुण्याकडून आंबोली उतरून सावंतवाडी-बांदा, बेळगावकडून चोर्ला. घाट अंधारात नको, विशेषतः पावसाळ्यात धुकं असताना.

स्कूटर भाड्याने घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या, ती अधिकृत भाड्याची. पांढऱ्या पाटीची शंभर-दोनशेने स्वस्त देतात आणि मग पोलीस पकडतात तेव्हा देणारा फोन उचलत नाही. हेल्मेट दोघांनाही पाहिजे.

पोचल्यावर पहिला तास

पोरं पाण्याकडे धावतील, धावू देऊ नका, निदान एक मोठा माणूस घरात राहू दे. मोबाईल काढा आणि अख्ख्या घराचा व्हिडिओ, फुटलेली फरशी, तडकलेला आरसा, गादीवरचे डाग, सगळं, आणि मालकाला लगेच पाठवून द्या. गीझर, सगळे नळ, गॅस, एसी चालू करून बघा. मुख्य स्विच कुठं आहे ते विचारा. समुद्राकडच्या खिडक्यांच्या कड्या लागतात का बघा, गंजून अडकलेल्या असतात, आणि तळमजल्यावर रात्री त्या उघड्या ठेवायच्या नाहीत, कितीही वारा गोड असला तरी.

मग दाराबाहेर एक बादली पाणी आणि प्लास्टिकचा मग ठेवा. घरात येणारा प्रत्येकजण पाय धुऊन येईल. हे पहिल्या तासात ठरवलं नाही तर रात्री अंथरुणात वाळू, आणि बाथरूममध्ये वाळू धुतली तर जाळी तुंबते. मच्छर अगरबत्ती, कपडे वाळत घालायची दोरी आणि दहा-बारा चिमटे घरूनच आणा.

पाण्यात उतरताना

गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून दृष्टी संस्थेचे जीवरक्षक आहेत, साधारण सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा. लाल बावटा लावला असेल तर उतरायचं नाही. लाल-पिवळा असलेले दोन बावटे दिसले तर त्यांच्या मधल्या पट्ट्यात पोहायचं, तिथं त्यांची नजर असते. तुमचं घर बावट्यापासून लांब असेल, शांत म्हणून घेतलं असेल, तर पोहण्यासाठी तेवढं चालत जा. शांत किनारा म्हणजे तिथं ओरडलात तरी ऐकायला कोणी नाही.

धोक्याची जागा अशी ओळखायची. लाटा सगळीकडे फुटताहेत आणि मध्येच एका पट्ट्यात फुटत नाहीत, पाणी गढूळ आणि सपाट दिसतंय, तर अनोळखी माणसाला वाटतं तिथंच बरं. तिथंच परत जाणाऱ्या पाण्याची ओढ असते. सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ हातपाय मारू नका, दमून जाल, किनाऱ्याला समांतर बाजूला सरका, पट्टा अरुंद असतो, बाहेर पडलात की लाटाच तुम्हाला आत आणतात. पोहता येत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करा. नदीच्या मुखाशी, शापोरा, साळ, तळपण, गालजीबाग, ओहोटीला नदीचं सगळं पाणी बाहेर ओढत जातं, तिथं पट्टीचा पोहणारा पण उतरत नाही. दारू पिऊन आणि अंधारात तर नकोच, याला स्पष्टीकरण लागत असेल तर तुम्ही घरीच थांबा.

पावसाळा संपता संपता जेलीफिश येतात. चावली तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि जीवरक्षकाकडे जा. श्वास लागला किंवा चक्कर आली तर १०८. मोठी सरकारी हॉस्पिटलं म्हापसा, मडगाव आणि बांबोळीचं मेडिकल कॉलेज. आणि हो, पोहायला जाताना मोबाईल-पाकीट स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, ती डिकी चोरांना तुमच्यापेक्षा लवकर उघडता येते.

पोदेर आणि मासे

घर घेतलं ते स्वयंपाकघरासाठी ना, मग जरा वापरा. सकाळी साडेसहा-सातला सायकलवर पों पों असा भोंगा वाजेल, तो पोदेर, म्हणजे पाववाला. धावत जाऊन थांबवा, सुटे पैसे हातात ठेवा. उंडे घ्या, कोंड्याची पोयी घ्या, काकणं मुलांना चहात बुडवायला. पोयी आणि रात्रीची उसळ, बस्स. एकदा दोन दिवस घेतलंत की तिसऱ्या दिवशी तो स्वतःच दाराशी थांबतो.

मासे सकाळी बाजारात. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार मोठा, दक्षिणेत मडगाव. नावं वेगळी आहेत, सुरमईला इसवण, कोळंबीला सुंगटां, तारली ती तारलेच, खेकडे कुर्ल्यो. "कितलें?" एवढं विचारता आलं तरी भाव थोडा माणसात येतो. बहुतेक घरांत नारळ खवायला आदोळी असते, पण मिक्सर असेलच असं नाही, आणि मिक्सर नसेल तर हुमण, म्हणजे माशांची आमटी, विसरा, बांगडे तळा. सोलं इथंच घ्या, सोलकढी करा. माशाची घाण रात्रभर बाहेरच्या डब्यात ठेवलीत तर सकाळी कुत्र्या-मांजरांनी अंगणभर पसरलेली असेल, पिशवीत गाठ मारून फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवा आणि कचऱ्याची गाडी आली की द्या. माझ्या नणंदेची युक्ती आहे ही. कचरा इथं ओला-सुका वेगळा करूनच द्यावा लागतो, पंचायतीची गाडी कुठल्या दिवशी येते ते केअरटेकरला विचारून ठेवा.

गावात राहताय एवढं लक्षात ठेवा

समुद्राकाठच्या त्या गल्लीत वर्षानुवर्षं राहणारी माणसं आहेत. शेजारच्या बल्कांवात, म्हणजे दाराबाहेरच्या बसायच्या ओट्यावर, संध्याकाळी आजी बसलेली असेल, तिला नमस्कार करा, तिला कोकणी येतं आणि मराठी बहुतेक समजतं. मी तर माहेरच्यांना सांगते, पहिल्याच दिवशी चकल्या-चिवड्याची एक पिशवी शेजारी द्या. परवा माझ्या आत्येबहिणीच्या घरी पाण्याची मोटर बंद पडली, केअरटेकर बेपत्ता, तेव्हा त्या शेजारच्या बाईंनीच पाईप जोडून दिला.

किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणं आणि चूल मांडून स्वयंपाक करणं २०१९ पासून दंडाचं काम आहे, तेव्हा तो एकट्याला २,००० रुपये आणि ग्रुप असेल तर १०,००० ठेवला होता. शॅकमध्ये बसून प्या की. वाळूवर गाडी न्यायची नाही, गुन्हा तर होतोच आणि भरती आली की गाडी रुतते आणि मग तुमचा व्हिडिओ आमच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो, नंबर प्लेट एमएच असली तर मला जरा जास्त लाज वाटते. वाळूच्या टेकाडांवर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली असते, तिच्यामुळं ती वाळू धरून राहते, शॉर्टकट म्हणून ती तुडवू नका.

मोरजी, आश्वे, आगोंद आणि गालजीबागला थंडीच्या दिवसांत रात्री ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. घर तिथलं असेल तर समुद्राकडचे बाहेरचे दिवे रात्री बंद ठेवा, उजेडाने कासवीण परत फिरते आणि पिल्लांची दिशा चुकते. जाळी लावून राखलेली घरटी दिसली तर लांबूनच बघा, टॉर्च मारून फोटो नको.

निघायच्या दिवशी

आदल्या रात्रीच ओले कपडे वेगळ्या प्लास्टिक पिशवीत भरा. गादीखाली, चार्जरच्या सॉकेटला आणि फ्रीजमध्ये एकदा बघा, आमच्याकडे दरवेळी कोणाचं तरी इन्सुलिन किंवा श्रीखंड राहतं. परत व्हिडिओ काढा, तसाच, दारापासून. डिपॉझिट किल्ली देतानाच परत मागा, नंतर पाठवतो म्हणाला तर त्याच्यासमोर बसून राहा, तुम्हाला घाई आहे हे त्याला कळू देऊ नका. गाडी असेल तर गोड्या पाण्याने खालून धुऊन घ्या, खारी वाळू पत्रा खाते.

आणि बाटल्या. गोव्यात स्वस्त आहे म्हणून डिकी भरून नेणारे प्रत्येक खानदानात एक काका असतात. परमिटशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात नेणं गुन्हा आहे, बांदा ओलांडलं की इन्सुलीला नाका आहे आणि गाड्या उघडून बघतात. आमच्या काकांना मी काजू, सोलं आणि दोन डझन उंडे देऊन वाटेला लावते, उंडे आंबोलीपर्यंत संपतात.